थोमाचं बोट

बाई, तुम्ही गेल्याच्या आठव्या दिवशी मनोहरभाऊ नालवाडीला आमच्या घरी आले. तुमच्या निळ्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी छातीशी धरलं होतं. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी गाठ सोडली आणि आतून ती शिवणीच्या लाकडाची फळी निघाली. थोमाची.

"कुंदाताई, पुढच्या रविवारी चर्चमधी बाईच्या आठवणीची प्रार्थना हाये," ते म्हणाले. "पाद्रीसाहेब म्हंतात, तिच्या हातचं काईतरी लोकायले देऊ. याचे पन्नास छाप काढून द्या. थोडंसं कोराचं राह्यलं वाटते, तेवढं तुम्ही पुरं करा. तिचा हात तुमच्याशिवाय कोणाले ठाऊक?"

मनोहरभाऊ तुमचे सख्खे भाऊ, तेही तुम्हाला बाईच म्हणतात. आपल्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात आणि शाळेत मास्तरणीलाही बाई म्हणतात, त्यामुळे तुम्ही गेल्यावर आम्ही दोघं एकाच नावानं रडलो. पण ते फळी देऊन गेले आणि माझं रडणं थांबलं, कारण आता भीती वाटायला लागली होती.

थोडंसं राहिलंय, असं ते म्हणाले ते खरंच होतं. येशू उभा होता, त्याच्या वस्त्राची चुणी न चुणी तुम्ही सोडवली होती. मागे आतून कडी लावलेलं दार होतं, दाराशी घाबरून एकमेकांना खेटलेले बाकीचे शिष्य होते, आणि पुढे वाकून, मान तिरपी करून उभा असलेला थोमा होता. मेलेला येशू परत आला हे बाकीच्यांनी सांगितलं तेव्हा "त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही" म्हणणारा तो हट्टी. राहिली होती ती फक्त ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. पण ती नेमकी थोमाच्या बोटाचं टोक आणि येशूच्या कुशीतली जखम यांच्या मधली.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे कधी दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. लाकडाच्या ठशात जे कोरून काढतो ते कागदावर पांढरं राहतं आणि जे ठेवतो ते काळं उमटतं. ती दाण्याएवढी जागा कोरून काढली, तर बोट आणि जखम यांच्यात पांढरी फट पडणार. म्हणजे थोमानं हात लावला नाही. तशीच ठेवली, तर दोन्ही काळ्यात एक होणार. म्हणजे लावला. मी हातावर हात ठेवून बसले असते तरी तो निकालच झाला असता. आणि याच एका जागेवरून आपण दोघी तीसेक वर्षं भांडत आलो होतो.

मनोहरभाऊंना आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती जागा राहिली होती माझ्यामुळे.

*

तुम्ही वर्गात पुस्तकी बोलायचात आणि रागावलात की पुलगावच्या होऊन जायचात. "काऊन वं, झोपून राह्यली का?" असं तुम्ही म्हटलं की मागच्या बाकापर्यंत सगळ्या ताठ बसायच्या. ठसेकामाच्या तासाला भेंड्या आणायचं काम माझ्याकडे असायचं, कारण आमच्याकडे भाजीचे वाफे होते. भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर ठेवली की फूल उमटतं, एवढ्यावर मी खूश होते. नववीत मात्र मला चेव आला. मी सुताराकडून फळीचा तुकडा मागून आणला, त्यावर घरच्या देवघरातला गणपती बघून बघून कोरला, आणि गणेशचतुर्थीला तीस कार्डं छापून गल्लीत वाटून आले.

संध्याकाळी आईनं कार्ड हातात घेतलं आणि ती मटकन खाली बसली. आमच्या देवाची सोंड डावीकडे. कार्डावरची उजवीकडे. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. दिवसभर शेणाखतात हात घालणाऱ्या घराला त्याचं सोवळं झेपणारं नव्हतं, आणि मी तर तो तीस घरांच्या भिंतीवर नेऊन बसवला होता. "तीस घराइच्या मागं लावून देलं वं तू, माय," असं म्हणत आई दुसऱ्या दिवशी दारोदार कार्डं परत मागत फिरली. मी रडत तुमच्याकडे आले.

तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. तुम्ही हसलात. चष्मा काढून, पदरानं डोळे पुसून पुन्हा हसलात. मग कपाटातून सुतळीनं बांधलेली फाइल काढलीत आणि त्यातलं ते पिवळं पान माझ्यापुढे ठेवलंत. "रडू नको. हा पाह्य. याच्यानंबी तेच केलं."

तुमचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मायदेशी परत जाणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक पेटीभर पुस्तकं दिली होती, आणि एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून ते पान चिकटवलेलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, युरोपातलं, ख्रिस्ती लोक आपसांत दोन तट करून भांडत होते त्या काळातलं. निदान तुम्ही तसं म्हणायचात. नागपूरच्या एका जाणकारानं ते पाहून सांगितलं होतं की हे मागाहून केलेल्या नकलेचीही नक्कल असावी. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, "संशयी माणसाचं चित्र, त्याच्यावरबी संशय. बरोबरच हाये."

त्या पानात येशू डावा हात वर करून उभा होता आणि त्याची जखम डाव्या कुशीत होती. मोठ्या चित्रकाराच्या मूळ चित्रात ती उजवीकडे असणार. नक्कल करणाऱ्यानं समोर दिसलं तसं सरळ पत्र्यावर उतरवलं, आणि छापल्यावर सगळं फिरलं. "आपल्याकडं डाव्या हातानं कोणी प्रसादबी नाई घेत," तुम्ही म्हणालात, "अन् हा डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राह्यला."

"मग लोकांनी परत नाही केलं का, बाई?" मी नाक पुसत विचारलं.

"काऊन करतीन? त्याइनं तेच जवळ धरलं."

आणि तुम्ही मला सांगत गेलात. ही चित्रं किती स्वस्त होती, ज्याच्या घरी देवाची मूर्ती परवडायची नाही तो कागद दारामागे कसा चिकटवायचा, आजारी माणसाला छोटं चित्र भिजवून कसं गिळायला द्यायचे. दुसऱ्या तटाचे लोक यालाच मूर्तिपूजा म्हणायचे आणि चित्रातल्या संतांचे डोळे खरवडून काढायचे. कोरणारे कारागीर मात्र तेच. आज एकाचं काम, उद्या दुसऱ्याचं. आज संत, उद्या त्याच संताची टिंगल. "चित्र काढणाऱ्याचं नाव राह्यते. कोरणाऱ्याचा इसवास काय होता, हे कोणी पुसलं का? त्याले एवढंच पुसत, झालं का रे बापू?" मला त्या कारागिरांपेक्षा तुमच्या चेहऱ्याचंच नवल वाटत होतं. आपल्या चुकीवर इतक्या लांबच्या माणसाची चूक फुंकर घालते, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोरायला शिकायचं ठरवलं ते तिथेच.

त्या पानावरची जखम मात्र धड दिसत नव्हती. तेवढ्याच जागी कागद झिजून केसाळ झाला होता. किती पिढ्यांनी तिथे बोट टेकवलं असेल, कोण जाणे. थोमाचं बोट जखमेत गेलंय की आधीच थांबलंय, हे त्या बोटांनीच पुसून टाकलं होतं.

"गेलंच असणार," मी म्हणाले. चौदा वर्षांची होते, पण मत होतं.

"पुस्तकात तसं लिहिलं नाई," तुम्ही म्हणालात.

झालं. तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही.

*

मी सिंदीच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, तुम्ही निवृत्त होऊन पुलगावच्या घरी राहायला गेलात, आणि शनिवारची शाळा सुटली की मी भाजीची पिशवी घेऊन गाडीत बसायची. वांगी, मेथी, सांबार. तुमच्या पाद्रीसाहेबांच्या बायको पुण्याच्या, त्या सांबाराला कोथिंबीर म्हणायच्या आणि तुम्ही दर वेळी त्यांना दुरुस्त करायचात. आपण दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून कोरायचो. मी शाळेच्या मुलींसाठी ठसे, तुम्ही तुमची झाडं, शेळ्या, मिलचं बंद फाटक. तुम्ही येशू कधी कोरला नाहीत. कुणी मागितला तरी नाही. मी विचारलं तर म्हणायचात, "थोमाच कोरीन. पण त्याचं बोट टेकलं का नाई हे ठरल्यावर."

माझं म्हणणं सोपं होतं. टेकलं. माणूस एवढं म्हणतो, समोरचा कूस उघडून उभा राहतो, ये म्हणतो, मग हा काय हात मागे घेणार? आमच्या वाफ्यात शेजाऱ्यानं ओल आहे म्हणून सांगितलं तरी माझे बाबा बोट खुपसून पाहायचे. तुमचं म्हणणं होतं की तिथे फक्त एवढंच आहे की येशूनं त्याला बोलावलं आणि हा बोलता झाला, "माझा प्रभू, माझा देव" असं त्याला म्हणाला. मधे हात लावल्याचं कुठेच नाही. "त्याले आवाज ओळखू आला, कुंदा. मंग बोटाचं काय काम?"

"म्हणजे तो तुमच्यापेक्षा भोळा," मी एकदा म्हणाले. "तुम्ही तर अजून मानत नाही."

तुम्ही कोरणी खाली ठेवलीत. खिडकीबाहेरून मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत तुम्ही तिकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "मले कोणी आवाज नाई देला अजून."

हे तुम्ही इतकं साधं म्हणालात, जणू पोस्टमन आला नाही अजून. मी सोमवार करते, देवीला जाते, आणि देव आहे की नाही हा प्रश्न मला आमच्या विहिरीवरच्या पंपाइतकाच पडतो. बटण दाबलं की पाणी येतं, नाही आलं तर लाइन गेली. तुम्ही म्हणायचात, तुझं बरं हाये. मला ते टोमण्यासारखं वाटायचं. आता वाटतं, तुम्हाला खरंच हेवा वाटत असेल.

आणि मग तो नाताळ. तुम्ही चर्चमध्ये गात होतात. तुमचा आवाज सगळ्यांच्या वर होता, बायका मागे वळून बघत होत्या. जेवण झाल्यावर घरी चालत येताना माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हणाले, "विश्वास नाही तर एवढ्या जोरात गाता कशाला, लोकांना दाखवायला?" दारात पोचल्यावर माझी पिशवी माझ्या हातात दिलीत आणि कडी लावून घेतलीत.

चार महिने आपण बोललो नाही. मला फोन करता आला असता. मी केला नाही, कारण मला वाटायचं की माझा प्रश्न बरोबर आहे. प्रश्न बरोबर होता की नाही माहीत नाही, पण विचारण्याची रीत चुकली होती, आणि ते मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. आता म्हणते. बाई, माझं चुकलं.

शेवटी तुम्हीच आलात. एप्रिलच्या उन्हात, छत्री घेऊन, सरळ आमच्या वाफ्यात. वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर बसलात. घाम पुसलात. मी हातातलं खुरपं खाली ठेवलं तर म्हणालात, काम थांबवू नको, मी काम करणाऱ्याशीच बोलते. आणि म्हणालात, "ज्याइले आवाज आला त्याइच्या बाजूले बसून राह्यतो आपण. आला कधी आपल्यालेबी, तर ऐकू तरी येईन. म्हणून जाते मी तिथं. अन् गाते ते, तो मले शोधत असंल तर त्याले समजाव, मी कुठं बसली म्हणून." मग छत्री उघडून उठलात. "मेथी दे दोन जुड्या. अन् शनिवारी येजो."

मी मेथी उपटत होते आणि माझे डोळे वाहत होते. तुम्ही ते पाहिलंत, पण उन्हामुळे असेल असं दोघी धरून चाललो.

*

मागच्या वर्षी पाऊस संपताना तुम्ही एकाएकी शिवणीची फळी मागवलीत. मला वाटलं, शेळी असेल. पुढच्या शनिवारी पाहते तर फळीवर थोमा. मी विचारलं, "मग ठरलं का?" तुम्ही म्हणालात, "बाकीचं कोरता कोरता ठरंन."

हळूहळू कोरत होतात. दम लागायचा, मग थांबायचात. मधल्या जागेला तुम्ही हात लावत नव्हतात, तिच्या भोवतीभोवतीच कोरत राहिलात. मी चिडवायची की आता तुमच्या थोमाच्या हाताला वाट पाहून मुंग्या आल्या असतील. दिवाळीनंतर तुम्ही अंथरुणाला खिळलात. तरी फळी उशाशी असायची.

तो शेवटचा शनिवार. मनोहरभाऊ औषधं आणायला गेले होते. तुमच्या अंगात ताप होता. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. डोळे अगदी स्वच्छ होते, हे मला आज शपथेवर सांगता येईल. तुम्ही हात पुढे केलात आणि म्हणालात, "कुंदा, बारीक कोरणी दे."

मी म्हणाले, "उद्या देते, बाई. आता पडून राहा."

"आत्ता दे."

"हात थरथरतोय तुमचा. लागून घ्याल."

तुम्ही हात तसाच धरून ठेवलात. मी कोरणी उचलली आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे. वर्गात एखादीला येत असूनही ती उत्तर देत नसेल तर तुम्ही तिच्याकडे जसं थांबून पाहायचात, तसं. मग हात पांघरुणात घेतलात. मंगळवारी पहाटे मनोहरभाऊंचा फोन आला.

लोक मला म्हणतात, तू किती केलंस त्यांचं. मी मान हलवते. कुणाला सांगू की त्यांनी शेवटच्या भेटीत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी ती खणात ठेवली. कोरणी द्यायची नव्हती तर नव्हती, त्या पुढे केलेल्या हातात माझा हात तरी द्यायचा होता. तेही सुचलं नाही.

*

फळी चार दिवस माझ्या टेबलावर पडून होती. कपाटाच्या आरशासमोर धरून बघायची, म्हणजे छापल्यावर कशी दिसेल ते कळतं. पिवळ्या पानावरचं तुम्ही सरळ तसंच फळीवर उतरवलं होतंत, त्यामुळे छापात ते पुन्हा फिरून सुलट होणार होतं. जखम बरोबर उजव्या कुशीत येत होती. मला माझं म्हणणं खरं करायला काही करायचंच नव्हतं. शाई लावायची आणि छापायचं. तीस वर्षांचा वाद मी जिंकले असते आणि कुणाला कळलंही नसतं. दोनदा शाई घोटली आणि दोनदा पुसून टाकली.

शनिवारी फळी, शाई, रोलर आणि हातकागदाची गुंडाळी घेऊन मी पुलगावला आले. मनोहरभाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तुम्ही कोरणी मागितली, मी दिली नाही. ती जागा राहिली नसती, मी राहू दिली.

ते शेंगा सोलतच राहिले. मला वाटलं, आता उठून जातील.

"कुंदाताई," ते म्हणाले, "मलेबी मागतली होती तिनं. रविवारी. म्हणे, मन्या, खणातून कोरणी काढून दे. मी म्हटलं, हात कापून घेशीन, झोप गुमान. मीबी नाई देली."

त्यांचं नाक लाल झालं होतं. मी दोन मुठी शेंगा पुढ्यात ओढून सोलायला लागले, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"पण तिले करायचं काय होतं कोरणीनं?" त्यांनी विचारलं.

मी फळी साडीतून काढली. तुमचं भिंग घेऊन इंच इंच पाहिलं. थोमाच्या नखाची रेघ झालेली होती. जखमेची कड झालेली होती. मागच्या दाराची कडीसुद्धा झालेली होती. ती एक दाण्याएवढी जागा सोडली तर अख्ख्या फळीवर कोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि कोरणीनं काही जोडता येत नाही, भाऊ, मी त्यांना म्हणाले. कोरणी काढायलाच असते. ती जागा ठेवायची असती तर बाईंनी कोरणी कशाला मागितली असती, आणि तीही दोन दोनदा?

"मंग काढा," ते म्हणाले.

आम्ही आत टेबलाशी गेलो, खणातून तुमची बारीक कोरणी त्यांनीच काढून दिली. मी तुमच्या खुर्चीवर बसले नाही, माझ्याच बाजूला बसले. त्यांनी फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. लाकूड म्हणजे माती नव्हे, चुकलं तर लिंपून घेता येत नाही. मी श्वास धरला. एक काप इकडून, एक तिकडून. दाणा उडाला आणि सतरंजीवर कुठेतरी पडला. दोघांनी शोधला, सापडला नाही.

शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासायला लागले. घासता घासता मी सहज विचारलं, शेवटी बाई काही बोलल्या का?

"नाई. शांत होती," मनोहरभाऊ म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी एकदा म्हणे, मन्या, कोण आवाज देऊन राह्यलं पाह्य. मी दारात जाऊन पाह्यलं. कोणीच नव्हतं. तसं सांगतलं तिले, तर हासली."

माझा चमचा थांबला. तुमच्या-माझ्या वादातलं त्यांना काही माहीत नाही. तुम्ही त्यांच्याशी हे कधी बोलला नव्हतात. ते सांगून पुन्हा शेंगांकडे गेले.

बाई, ताप होता. तापात माणसाला काहीही ऐकू येतं, हे माझ्याआधी तुम्हीच म्हणाला असतात. शेजारच्यांचा रेडिओ असेल, रस्त्यावरून कुणी हाक मारली असेल. मी हे सगळं मनात म्हणून पाहिलं. पण तुम्ही रविवारीच कोरणी मागितली होती, शनिवारीही मागितली होती. म्हणजे सोमवारच्या आवाजाआधीच तुम्ही ठरवलं होतं की मधली फट ठेवायची. तुम्ही आवाज यायची वाट पाहून मग कोरणार नव्हतात. आधी जागा करून ठेवणार होतात. हे तुमच्या समोर बसून तुम्हाला विचारायला मी आज काय वाटेल ते देईन.

कागद कोपऱ्यातून उचलला. सगळं काळं नीट उमटलं होतं, आणि बोट आणि जखम यांच्या मधे तेवढीच एक पांढरी जागा. बोट थांबलेलं. थोमाचं तोंड उघडं, नुकतंच काही बोलल्यासारखं. मनोहरभाऊ शेंगा ठेवून आत आले, चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हात नाई लावला त्यानं."

"नाही लावला," मी म्हणाले.

काल रविवारी पन्नासही छाप वाटले. पाद्रीसाहेब चांगलं बोलले, थोडं लांबलं. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या आणि त्यांच्या हातातला कागद भिजू नये म्हणून मी तो धरून बसले होते. तुमच्या जागेवर एक तरुण मुलगी गात होती, सुरात होती, पण आवाज लहान. मी मोठ्यानं गायले, बाई. शब्द येत नव्हते, तरी. तुम्ही सांगितलेलं कारण मला आवडलं होतं.

वाद तुम्ही जिंकलात. मी तो माझ्या हातानं कोरून दिला आहे आणि पन्नास घरांत गेला आहे, आता परत मागत फिरणार नाही. आवाज ओळखू आला की हात लावायची गरज राहत नाही, तुमच्या थोमाला राहिली नाही, आणि तुम्हालाही राहिली नसेल.

मला आहे, बाई. तुमचा आवाज रोज येतो. त्यानं भागत नाही.